औषध जास्त झालेला ओटा

नारदीय कीर्तन बसून होत नसतं. बुवा उभे राहतात, आणि नुसते उभे राहत नाहीत. आख्यान रंगात आलं की पुढे येतात, मागे सरतात, गजरात पाय आपटतात, मारुतीचं उड्डाण असलं तर तेही थोडंफार करून दाखवतात. म्हणून बुवांच्या पायांखाली काय आहे हा प्रश्न त्यांच्या गळ्याइतकाच महत्त्वाचा, असं जबलपूरच्या चेरीताल भागातल्या विभावरीताईंचं ठाम मत होतं. हे मत त्यांचं झालं गेल्या रामनवमीला, दुपारी बारा वाजायला मिनिटभर कमी असताना.

त्या घटकेला नागपूरचे देवदत्तबुवा मंडळाच्या छोट्या राममंदिरात फळ्यांच्या मंचावर उभे होते. वय पंच्याहत्तर, आवाज पंचविशीतला. कौसल्येला कळा सुरू झाल्या होत्या, टाळांची लय चढत होती, बायकांच्या मुठींत गुलाल तयार होता. बुवांनी उजवा पाय आपटला आणि तो गुडघ्यापर्यंत फळीतून आत गेला. बुवा "आई गं" म्हणाले. मागच्या रांगेला वाटलं जन्म झाला, त्यांनी गुलाल उधळला. अशा रीतीनं गेल्या वर्षी जबलपुरात प्रभू रामचंद्र एक मिनिट आधी जन्मले.

बुवा मोठ्या मनाचे. खुर्चीवर बसून त्यांनी आख्यान पुरं केलं. पण परतताना स्टेशनवर ते विभावरीताईंना म्हणाले, "ताई, पक्की जागा झाली तर पुढल्या वर्षी येईन. हलत्या फळीवर रामजन्म करायचं माझं वय राहिलं नाही." शहपुऱ्याच्या मंडळानं हे कुठून ऐकलं कोण जाणे, पण आठवड्याभरात त्यांचं बुवांना आमंत्रण गेलं. त्यांच्याकडे दगडी ओटा होता.

विभावरीताईंनी बुवांचा रामजन्म बावीस वर्षं ऐकला होता. यजमान गेले त्या वर्षीही ऐकला होता. त्या एका दुपारी आपण थोडं हसलो आणि पोटभर रडलो, हे त्या कुणाला सांगत नसत, पण विसरतही नसत. बुवा आले नाहीत तर त्यांच्या घरी चैत्र लागणार नव्हता. तेव्हा वर्षभर मंडळाच्या मागे लागून त्यांनी बारा बाय आठचा काँक्रीटचा ओटा मंजूर करून घेतला. खाली दगडांचं सोलिंग, वर अर्ध्या फुटाचं काँक्रीट. सोलिंग होता होता फाल्गुन संपला. काँक्रीट ओतायला मुहूर्त काढण्याची गरज नव्हती, पाडवाच समोर होता. पाडव्याला ओतायचं, आठवडाभर पाणी मारायचं, नवमीला बुवा उभे.

इथे अंबरीश आला. अंबरीश म्हणजे ताईंच्या बहिणीचा मुलगा. बांधकामाची रसायनं विकणाऱ्या एका कंपनीत तो होता, आणि त्याच्या कामाची घरातली व्याख्या "काँक्रीटात औषध घालतो" एवढीच होती. त्यानं मावशीला समजावलं की चैत्राच्या उन्हात काँक्रीट मिक्सरमधून ओट्यावर जाईतो आळायला लागतं. मग मिस्त्री त्यात वरून पाणी ओततो. ते जादा पाणी नंतर उडून जातं आणि आत बारीक भोकं ठेवून जातं. त्या भोकांतून ओल शिरते, तडे जातात, दहा वर्षांत ओटा भुसभुशीत. औषध घातलं की पाणी कमी लागतं, तरी माल मऊ राहतो, आणि आळतोही जरा सावकाश, म्हणजे मिस्त्रीला सारखा करायला वेळ मिळतो.

ताईंनी हे सगळं मान डोलवत ऐकलं आणि म्हणाल्या, "हा पूर्वरंग झाला. आता आख्यान सांग. किती घालायचं?"

एका पोत्याला शंभर मिली, असं अंबरीशनं सांगितलं. पोती नऊ. त्यानं पाच लिटरचा डबा आणला, सोबत प्लास्टिकचं माप दिलं.

मंडळाचे अध्यक्ष बापूसाहेब, फॅक्टरीतून फोरमन म्हणून निवृत्त झालेले, त्यांना हे पटलं नाही. जुन्या लोकांनी चुन्यात गूळ घातला, बेलाचा गर घातला, ते बांधकाम अजून उभं आहे. आणि आपल्या सिमेंटला असं झालंय तरी काय की त्याला औषध द्यावं, असं त्यांचं म्हणणं पडलं. गूळ आणि बेल ही त्या काळची औषधंच होती, असं अंबरीश म्हणाला. त्यावर बापूसाहेब "अच्छा" एवढंच म्हणाले, आणि बापूसाहेबांचं "अच्छा" म्हणजे होकार नसे.

ताईंशी मात्र ते वाद घालत नसत. ताई मुलींच्या सरकारी शाळेत एकतीस वर्षं हिंदी शिकवत होत्या. जबलपुरातला मराठी माणूस कितीही पिढ्या इथे राहो, त्याच्या हिंदीत कुठेतरी मराठी कुसळ सापडतंच, आणि ताई ते चिमट्यानं काढत. चौदा वर्षांपूर्वी मंदिरातल्या भंडाऱ्याच्या पंगतीत बापूसाहेब "दही बहुत खट्टी है" म्हणाले होते. "खट्टा," ताई पंगतीच्या दुसऱ्या टोकाहून म्हणाल्या होत्या. तेव्हापासून बापूसाहेब त्यांच्यासमोर दह्याचं नाव काढत नसत.

पाडव्याला गुढी उभारून सगळे मंदिरात जमले. मिस्त्री होता हल्के भैया, बरगीकडचा, वीस वर्षांचा अनुभव असलेला आणि शिक्षकांना कधीही उलटून न बोलणारा. अंबरीशनं त्याला माप दाखवलं, एका पोत्याला एक, असं दोनदा बजावलं. तेवढ्यात त्याच्या आईचा फोन आला की घरची गुढी अजून आडवी आहे, वरच्या हुकापर्यंत हात पोचणारा घरात तूच एक आहेस, ये. तासाभरात येतो म्हणून तो गेला.

हल्केनं पहिलं पोतं फोडायला घेतलं आणि हातातला डबा समोर दिसलेल्या सपाट जागेवर ठेवला. ती सपाट जागा म्हणजे मंडळाची बाजाची पेटी. विभावरीताई हळदीकुंकवाचं ताट घेऊन बाहेर आल्या, त्यांनी पाहिलं तर डब्याच्या तोंडाशी तपकिरी थेंब लोंबतोय आणि त्याच्या बरोबर खाली पेटीचा भाता.

"भैया, डब्बा खाली करो," त्या म्हणाल्या. "जल्दी. खाली, खाली."

आणि पेटी पुसायला फडकं आणायला त्या आत वळल्या. परत आल्या तेव्हा डबा जमिनीवर होता, पेटी कोरडी होती. ताईंनी रामाला हात जोडले, सिमेंटच्या पोत्यांना हळदकुंकू वाहिलं, आणि मिक्सर सुरू झाला.

माल असा काही निघाला की बघत राहावं. हल्केनं घमेलं उपडं करायचा अवकाश, बासुंदीसारखा तो आपला आपण पसरायचा, कोपऱ्यापर्यंत जायचा. थापी फिरवायलाच नको. बापूसाहेब हात मागे बांधून उभे होते. ते म्हणाले की औषधाला गुण आहे हे कबूल करावं लागेल. अंबरीश परतला तेव्हा शेवटचं पोतं ओतून झालं होतं. एवढा पातळ माल पाहून त्याच्या कपाळाला आठी पडली. पाणी जास्त झालं का, असं त्यानं हल्केला विचारलं. हल्केनं नर्मदा मैयाची शपथ घेऊन सांगितलं की एक लोटाही जास्त नाही. ते अक्षरशः खरं होतं. वर पाणी सुटलेलं नव्हतं, खडी तळाला बसली नव्हती. औषधाबद्दल अंबरीशनं विचारलं नाही, कारण त्याचा संशय पाण्यावर होता. डबा कुठे दिसत नव्हता, तोही कुणीतरी उचलून ठेवला असेल असं त्याला वाटलं.

द्वितीयेला सकाळी बापूसाहेबांनी ओट्यात बोट घातलं. ते पहिल्या पेरापर्यंत आत गेलं.

ही बातमी आरतीच्या आत चेरीतालभर झाली. जो दर्शनाला आला त्यानं आधी ओट्यात बोट घातलं, मग रामाला नमस्कार केला. संध्याकाळपर्यंत ओट्याची कड चाळणीसारखी दिसायला लागली. अंबरीश आला, वाकून बघितलं, उठला. "मावशी, टेन्शन काहून घेऊन राहिली? होते कधीकधी," असं तो म्हणाला खरा, पण त्याचा चेहरा मावशीपेक्षा जास्त टेन्शनचा होता.

तृतीयेला ओटा श्रीखंडासारखा होता. बापूसाहेबांनी आता जीभ सैल सोडली. डॉक्टरांनी पेशंटला भूल दिली आणि उठवायचं विसरले, असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होते. अंबरीशनं कंपनीच्या प्रयोगशाळेत फोन लावला. तिथल्या माणसानं विचारलं, किती घातलं. अंबरीश म्हणाला, नऊ पोत्यांना नऊ मापं. मग हे आमच्या औषधाचं काम नाही, तिकडचा माणूस म्हणाला, सिमेंटच खराब असणार, काढून टाका. अंबरीश त्या दिवशी मावशीकडे जेवला नाही. आपण आणलेल्या औषधानं बुवांचं येणं हुकणार, आणि मावशीचा रामजन्मही, हे त्याच्या घशाखाली उतरत नव्हतं.

दुपारी चारला बापूसाहेबांनी निर्णय दिला. ओटा आजच उकरून टाकायचा, बुवांना फोन करून शहपुऱ्याला जा म्हणून सांगायचं. नवा ओटा पुढल्या वर्षी, औषधाशिवाय. हल्के भैयाला फावडं घेऊन बोलावणं गेलं.

ताई मंदिराच्या पायरीवर बसल्या होत्या. ओट्याकडे बघवत नव्हतं म्हणून त्या रस्त्याकडे बघत होत्या, तर हल्के येताना दिसला. एका हातात फावडं, दुसऱ्या हातात पाच लिटरचा निळा डबा. उकरताना फावड्याला माल चिकटू नये म्हणून त्यात पाणी भरून आणलं होतं.

"हा डबा तुमच्याकडे कसा, भैया?" गोंधळात ताई मराठीतच बोलल्या, मग हिंदीत विचारलं.

"खाली हो गओ थो, सो हम ले गए, दीदी," हल्के म्हणाला. "अच्छो डब्बा है।"

"खाली कैसे हो गया?"

हल्केनं त्यांच्याकडे आश्चर्यानं पाहिलं. "आपई ने तो कही थी। खाली करो, खाली करो। तीन बेर कही। साब ने एक-एक नाप बताओ थो, पर आप बड़ी हैं, सो हमने पूरो पानी के ड्रम में खाली कर दओ।"

ताई पायरीवरून उठायला गेल्या आणि परत बसल्या.

मराठीत खाली म्हणजे जमिनीवर. हिंदीत खाली म्हणजे रिकामा. हा फरक त्यांनी एकतीस वर्षं फळ्यावर लिहिला होता, दोन रकाने आखून. मराठी घरच्या मुलींना तो शब्द वाक्यात वापरायला लावला होता, चुकल्या तर दहादा लिहायला लावला होता. आणि पेटीवर थेंब पडताना दिसला तेव्हा एकतीस वर्षं बाजूला सरकली आणि तोंडातून माहेरचा शब्द निघाला.

गप्प राहिल्या असत्या तर कुणाला कळलं नसतं. हल्केला कुणी विचारणार नव्हतं. औषधाला दोष लागला होता तो तसाच राहिला असता. पण आत बापूसाहेब फोनवर नंबर शोधत होते, हल्के फावड्याला पाचर ठोकत होता, आणि ताईंच्या एवढं लक्षात आलं की ओट्याला नेमकं काय झालंय हे आता या जगात दोघांनाच माहीत आहे. रोगाचं नाव कळल्याशिवाय पेशंटला खड्ड्यात घालणं बरं नव्हे. त्या आत गेल्या.

"बापूसाहेब, फोन ठेवा," त्या म्हणाल्या. "चूक औषधाची नाही, माझी आहे. मी हल्के भैयांना डबा खाली करा म्हटलं."

"मग? ठेवला नाही का त्यानं खाली?"

"नाही. त्यांनी तो खाली केला."

बापूसाहेबांच्या मिशीच्या एका टोकाला काहीतरी झालं.

"म्हणजे ताई, तुमची हिंदी..."

"वाक्य व्याकरणानं शुद्ध होतं," ताई म्हणाल्या. "अर्थ फक्त मराठी होता."

बापूसाहेब खांबाला धरून खाली बसले. असं ते फॅक्टरीतही कधी हसले नसतील. मधेच "खट्टा" म्हणत, परत हसत. चौदा वर्षांचं दही एका दुपारी गोड झालं. ताई मान खाली घालून ते सगळं ऐकून घेत होत्या, कारण ऐकून घेणं भागच होतं.

अंबरीश तेवढा हसला नाही. तो हल्केसमोर उकिडवा बसून विचारत होता, "पूरा पाँच लीटर? ड्रम में? और नौ के नौ बोरे उसी ड्रम के पानी से?" हल्के प्रत्येक प्रश्नाला मान हलवत होता. अंबरीशनं पुन्हा प्रयोगशाळेत फोन लावला, खरं माप सांगितलं, पाच मिनिटं नुसतं हं हं केलं, आणि फोन ठेवून मावशीकडे वळला.

"मावशी, तो मेला नाही, झोपलाय."

पाचपट औषधानं सिमेंट बिघडत नाही, त्याची गुंगी लांबते, असं त्यानं सगळ्यांना समजावलं. सगळ्या मालात सारखं मिसळलंय, वर पाणी सुटलेलं नाही, खडी बसलेली नाही; तर चौथ्या-पाचव्या दिवशी उठेल. तोवर सुकू द्यायचं नाही, ओली पोती टाकायची, आणि कुणी बोटं घालायची नाहीत. शेवटचं वाक्य तो बापूसाहेबांकडे बघून बोलला.

बापूसाहेबांनी डोळे पुसले. इतकं हसलेल्या माणसाला लगेच कठोर होता येत नाही. उद्या संध्याकाळी सहापर्यंत वाट बघू, ते म्हणाले. नाही उठला तर बुवांना शहपुरा.

चतुर्थीला विभावरीताई सकाळपासून ओट्यापाशी वेताचा मोडा टाकून बसल्या. अंबरीशनं त्यांना तीन इंची खिळा दिला होता आणि एक कोपरा नेमून दिला होता; तासातासानं तिथेच टोचून बघायचं, दुसरीकडे नाही. पोती वाळली की त्या पाणी शिंपडत. मधल्या वेळात जप करत, आणि जपात खंड पडला की ओट्याशी बोलत. अकराला खिळा अर्धा गेला. एकला तेवढाच गेला, ताईंना वाटलं थोडा जास्तच गेला. तीनला जेमतेम नखभर गेला. येणारे लोक खुणेनं विचारत, ताई खुणेनं सांगत. ओट्यापाशी मोठ्यानं बोलायचं नाही, असा नियम कुणीही न करता पडला होता, जणू खरंच कुणीतरी झोपलं होतं.

साडेपाचला ताईंनी खिळा टेकवला, दाबला, दोन्ही हातांनी दाबला. खिळा टोकाशी वाकला आणि त्यांच्या तळव्याला रुतला. त्यांनी तळवा पाहिला, खिळा पाहिला, आणि दुसऱ्या कुणाला न सांगता बापूसाहेबांना हाक मारली. बापूसाहेबांनी सवयीनं बोट पुढे केलं, मग विचार करून काठी घेतली आणि ओट्यावर ठोकली. ठणठणीत आवाज आला. ते मंदिरात गेले आणि ताईंना ऐकू येईल अशा आवाजात नागपूरला फोनवर म्हणाले, "बुवा, या."

देवदत्तबुवा अष्टमीला आले. त्यांना आणायला स्टेशनवर गेले बापूसाहेब, त्यामुळे रिक्षा चेरीतालला पोचेपर्यंत सगळी कथा बुवांना पाठ झाली होती, थोड्या पदरच्या भरीसह. ताईंना वाटलं आता बुवाही हसतील. बुवा हसले नाहीत. चपला काढून ओट्यापाशी गेले, वाकून हात फिरवला, कडेच्या भोकांवर जरा थांबले, आणि अंबरीशला बाजूला घेऊन वैद्याला विचारावं तसं विचारलं, की बाबा, हा उशिरा घट्ट झाला म्हणजे कायमचा कच्चा राहणार का.

"नाही महाराज," अंबरीश म्हणाला. तो ओढून ताणून शुद्ध मराठी बोलत होता. "उशिरा सेट झालेलं काँक्रीट पुढे कमी नाही पडत. पाणी नीट मिळालं तर कधी कधी जास्तच पक्कं होऊन राहते. अभी तर घट्ट होऊन चारच दिवस झाले, पण खालून दगड आहे. एक माणूस नाचला तरी चालेल. बैलगाडी नको."

"बैलगाडी या आख्यानात नाही," बुवा म्हणाले.

नवमीला सकाळी दहाला बुवा सतरंजी टाकलेल्या ओट्यावर चढले. पूर्वरंगाला त्यांनी धीर हा विषय घेतला आणि सांगितलं की देवाचं नाव कुणाच्या मनात पहिल्या रात्रीच घट्ट बसतं, कुणाच्या मनात चार दिवस लागतात, कुणाच्या चाळीस वर्षं. ओल तेवढी धरून ठेवावी, आणि शेजाऱ्यांनी कृपा करून मधे मधे बोटं घालून बघू नये. सगळी सभा बापूसाहेबांकडे वळली. बापूसाहेबांनी आपली बोटं उपरण्यात लपवली.

विभावरीताई हसल्या, पण त्यांचं चित्त कीर्तनात नव्हतं. बावीस वर्षांत पहिल्यांदा त्या बुवांच्या तोंडाकडे न बघता पायांकडे बघत होत्या. बुवा पुढे आले की त्या श्वास धरत, मागे गेले की सोडत. यज्ञातून पायस निघालं, राण्यांनी वाटून घेतलं, आणि ताईंना फक्त एवढं कळलं की बुवा डाव्या कोपऱ्यात उभे आहेत आणि तो खिळ्याचा कोपरा आहे. अंबरीश खांबाशी उभा होता. त्याचीही नजर तिथेच होती.

मग बुवांनी कौसल्येचं बोलणं सुरू केलं. जन्माला येणाऱ्या बाळाला ती म्हणते आहे की तू कोण आहेस हे मला ठाऊक आहे, पण घटकाभर मला ते ठाऊक नसू दे, घटकाभर तू नुसता माझा अस. बुवांचा आवाज इतका खाली आला की टाळकऱ्यांनी टाळ छातीशी धरले. ताईंनी वर पाहिलं.

कुणीतरी त्यांच्या हातात रेशमी दोरी कोंबली तेव्हा त्यांच्या चष्म्यावर गुलाल होता, गाल ओले होते, शंख वाजत होता आणि बारा वाजून चार मिनिटं झाली होती. बुवा ओट्याच्या मधोमध घामानं निथळत उभे होते. त्यांनी उजवा पाय आपटला होता की नाही, कधी आपटला, किती जोरात, हे ताईंना काही केल्या आठवेना. त्यांनी अंबरीशकडे पाहिलं. तो चष्मा काढून डोळे पुसत होता, त्यालाही सांगता आलं नसतं. बायका पाळणा म्हणायला लागल्या होत्या. ताईंनी नाक ओढलं, दोरी नीट धरली आणि रामाला झोका दिला.